परतीचं पाणी

गडहिंग्लज भागात वाढलेल्या माणसाला गुऱ्हाळ समजावून सांगावं लागत नाही. चुलवाणावर ठेवलेली ती भली मोठी काहील, चुलवाणात सतत चिपाडं सारणारा जळव्या, मळी काढत उभा असलेला गुळव्या, आणि गरम गुळाचा वास. काकवी सगळ्यांना आठवते. काहिलीवरून उठणारी वाफ मात्र कुणी आठवणीत ठेवत नाही. ती उठते, छपराच्या फटीतून बाहेर पडते आणि हिरण्यकेशीकाठच्या थंडीत विरून जाते.

आता जरा हिशेब करून बघा. उसाच्या रसात पाचातले चार भाग पाणीच असतं. म्हणजे १०० किलो रस काहिलीत ओतला की त्यातलं सुमारे ८० किलो पाणी हवेत घालवायचं, तेव्हा कुठे गूळ हाताला लागतो. एक किलो पाणी ३० अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापवायला ७० किलोकॅलरी लागतात. पण तेच उकळतं पाणी वाफ व्हायला आणखी ५४० लागतात. सगळी मेहनत त्या ५४० मध्ये आहे. आणि गुऱ्हाळात त्या ५४० आभाळाला दान केल्या जातात.

यात गुळव्याचा काही अडाणीपणा नाही बरं का. त्याचं जळण म्हणजे त्याच उसाची वाळलेली चिपाडं. ती फुकट आहेत, दारात पडलेली आहेत. जे फुकट आहे त्याची वाफ कोण मोजणार? गुऱ्हाळ हे त्याच्या हिशेबाने पूर्ण शहाणं यंत्र आहे.

हाच ऊस गाडीत भरून हरळीला, आप्पासाहेब नलवडे गडहिंग्लज तालुका सहकारी साखर कारखान्यावर गेला की हिशेब बदलतो. पाणी तेवढंच, रस तोच, चिपाडाचं नाव फक्त बगॅस झालं. पण कुठल्याही साखर कारखान्यात वाफ मोकळी सोडायची नसते. ती नळ्यांतून फिरते. बॉयलरमधून निघते, टर्बाइन फिरवते, मग रस उकळवते, आणि उष्णता देऊन झाली की पुन्हा पाणी होऊन परत बॉयलरकडे येते. जाणारी नळी जाड, चकचकीत पत्र्याने मढवलेली, सगळ्यांच्या नजरेत भरणारी. परतीची नळी बारीक, कुठेतरी खाली, भिंतीच्या कडेने. पूर्वी ती कित्येक ठिकाणी उघडीच असायची. मला कुतूहल आहे ते या दुसऱ्या नळीचं. तिला कुणी, कधी आणि का गुंडाळलं?

सुरुवात थोडी लांबून करावी लागेल, अमेरिकेतल्या लुइझियानातून. तिथेही उसाचं राज्य होतं आणि तिथलं 'गुऱ्हाळ' आपल्यापेक्षा फार वेगळं नव्हतं. एकापुढे एक मांडलेल्या उघड्या कढया, खाली जाळ, आणि उकळता रस लांब दांड्याच्या पळ्यांनी एका कढईतून पुढच्या कढईत ओतणारे गुलाम. या मांडणीला 'जमैका ट्रेन' म्हणत. सांडलेल्या रसाने भाजणं हे रोजचंच. साखर काळपट व्हायची, लाकडाचे ढीगच्या ढीग जळायचे.

या कढयांना पर्याय शोधला तो नॉर्बर्ट रिलियू या माणसाने. जन्म १८०६, न्यू ऑर्लिन्स. वडील गोरे, आई स्वतंत्र असलेली कृष्णवर्णीय स्त्री. त्यामुळे तो स्वतः गुलाम नव्हता, पण गोऱ्यांच्या बरोबरीचाही नव्हता. पॅरिसला शिकला, वाफेच्या यंत्रांचा अभ्यास केला, आणि १८४३ आणि १८४६ साली त्याने जी पेटंट्स घेतली त्यातली कल्पना आज जगातल्या प्रत्येक साखर कारखान्यात आहे. (चित्रकार देगाच्या आजोळच्या घराण्यातला हा माणूस, पण त्याचं नाव आपल्या ऊसपट्ट्यात सहसा कानावर पडत नाही.)

कल्पना साधी, ऐकल्यावर 'हे तर कुणालाही सुचलं असतं' असं वाटायला लावणारी. पहिल्या बंद भांड्यात रस वाफेवर उकळवा. त्या रसातून जी वाफ निघेल ती हवेत न सोडता दुसऱ्या भांड्याच्या नळ्यांत घाला. दुसऱ्या भांड्यात हवेचा दाब कमी ठेवा, म्हणजे तिथला रस कमी तापमानालाच उकळेल. त्याची वाफ तिसऱ्यात. मग चौथ्यात. शेवटच्या भांड्यात रस साधारण ५५ अंशांनाच उकळत असतो. कमी दाबात रस लवकर उकळतो हे इंग्लंडच्या एडवर्ड हॉवर्डने व्हॅक्यूम पॅनमध्ये आधीच वापरलं होतं. रिलियूने त्याची साखळी केली. परिणाम असा की एक किलो वाफ खर्चून चार भांड्यांत मिळून जवळजवळ चार किलो पाणी उडवता येतं. काहिलीत एकदाच वापरलेली उष्णता इथे चारदा वापरली जाते.

गुलामांच्या पळ्या या यंत्राने काढून घेतल्या खऱ्या, पण गुलामी नाही काढली. यंत्र बसलं ते गुलामांच्याच मळ्यांवर. १८५० नंतर लुइझियानात स्वतंत्र कृष्णवर्णीयांवरचे निर्बंध वाढत गेले. रिलियू पॅरिसला परतला, काही काळ इजिप्तच्या चित्रलिपीत रमला, आणि १८९४ साली तिथेच वारला.

आता परत आपल्या कारखान्यात या. पहिल्या भांड्यात बॉयलरची वाफ येते आणि पाणी होऊन बाहेर पडते. हे पाणी म्हणजे सोनं. एक तर ते ऊर्ध्वपातित, म्हणजे क्षारविरहित. बॉयलरला असंच पाणी लागतं, नाहीतर नळ्यांत खपली धरते. दुसरं म्हणजे ते शंभर अंशांच्या आसपास तापलेलं असतं. बॉयलरला जाणारं पाणी सहा अंशांनी जास्त गरम असलं की जळणात सुमारे एक टक्का बचत होते, असा साधा ठोकताळा इंजिनिअर लोक वापरतात. नदीचं पाणी ३० अंशांचं आणि परतीचं ९५ अंशांचं धरलं तर फरक ६५ अंशांचा. म्हणजे दहा-अकरा टक्के जळण त्या बारक्या नळीतून परत येतंय!

दुसऱ्या, तिसऱ्या भांड्यातून निघणारं पाणी वेगळं. ते बॉयलरचं नव्हे, उसातलंच पाणी. रसाची वाफ होऊन पुन्हा थंड झालेलं. तेही गरमच, पण त्यात साखरेचा अंश येऊ शकतो. चोथ्यावर शिंपडून उरलासुरला रस धुऊन घ्यायला आणि इतर कामांना ते वापरतात. पण भांड्यातली एखादी नळी फुटली तर बॉयलरच्या शुद्ध पाण्यातही साखर शिरते, आणि बॉयलरमध्ये साखर म्हणजे फेस, आम्ल, गंज, आणि बंद पडलेला कारखाना. म्हणून कारखान्याच्या प्रयोगशाळेतला माणूस पाळीत पुन्हा पुन्हा परतीच्या पाण्याचा नमुना घेतो. परीक्षानळीत अल्फा-नॅफ्थॉलचे थेंब, मग कडेने सावकाश सोडलेलं गंधकाम्ल. दोन थरांच्या मध्ये जांभळं कडं उमटलं की धावपळ सुरू. ते पाणी ताबडतोब वेगळं काढायचं. संपूर्ण कारखान्यात एवढी नजर क्वचितच कशावर ठेवली जात असेल.

इतकं मोलाचं पाणी, मग त्याची नळी उघडी का?

याची कारणं दोन आहेत असं मला वाटतं. पहिलं पंपाचं. शंभर अंशांच्या जवळचं पाणी पंपाने ओढायला गेलं की ओढीमुळे दाब कमी होतो आणि पाण्याची पंपातच वाफ होते. पंप खडखडतो, पाणी ढकलत नाही, पाती खाल्ली जातात. टाकी उंचावर बसवली तर हा त्रास टळतो, पण उंचावर टाकी म्हणजे खर्च. त्यापेक्षा नळी उघडी ठेवा, वाटेत पाणी निवू द्या, पंप खूश. विचित्र वाटेल, पण 'परतीचं पाणी फार गरम येतंय' ही तक्रार असायची, कौतुक नव्हे.

दुसरं कारण गुऱ्हाळाचंच, फक्त मोठ्या आकारात. एक टन उसातून साधारण २८० ते ३०० किलो बगॅस निघतो आणि एक किलो बगॅसवर दोन किलोच्या वर वाफ होते. १९३२ च्या संरक्षण कायद्यानंतर देशभर कारखाने उभे राहिले, १९५० साली प्रवरेला सहकारी कारखान्याचं धुराडं पेटलं, मग आपल्याकडे कोल्हापूर-सांगलीत एकामागून एक कारखाने आले, त्या सगळ्या काळात जास्तीचा बगॅस ही डोकेदुखी होती. ढीग पेटायचे, कुजायचे. बॉयलरचं एक काम वाफ करणं आणि दुसरं काम बगॅस संपवणं. अशा ठिकाणी चीफ इंजिनिअरने परतीची नळी गुंडाळून चार टक्के बगॅस वाचवला तर त्याला शाबासकी कोण देणार? वाचवलेला बगॅस ठेवायचा कुठे, हाच प्रश्न यायचा.

चित्र पालटलं ते सहवीजनिर्मिती आल्यावर. २००० नंतरच्या दशकात महाराष्ट्रातले कारखाने जास्त दाबाचे बॉयलर बसवून वीज विकू लागले. कागद कारखाने बगॅस विकत घेत होतेच. एकदम प्रत्येक वाचवलेल्या किलोला भाव आला. मग उसाच्या वजनाच्या ५० टक्के वाफ लागणारे कारखाने ४० च्या खाली कसे येतील यावर बैठका होऊ लागल्या, आणि वर्षानुवर्षं उघड्या पडलेल्या परतीच्या नळ्यांवर रॉकवूल आणि ॲल्युमिनियमचा पत्रा चढला. पदार्थविज्ञान तेच होतं. भाव बदलला होता.

घरातल्या वाफेची गोष्ट याच्या उलट आहे. आपल्याकडे घर तापवायची गरजच नाही. आपला तांब्याचा बंब, मध्ये जाळ आणि भोवती पाणी, एवढ्यावर आपली हौस भागते. पण न्यू जर्सी, न्यूयॉर्क, बॉस्टनकडे जुन्या घरांत राहायला गेलेल्या मराठी मंडळींना हिवाळ्यात तळघरातला बॉयलर भेटतो. स्टीफन गोल्डने १८५४ साली घरगुती वाफेच्या तापकाचं पेटंट घेतलं, आणि पुढच्या पन्नास-साठ वर्षांत हजारो घरांत ही पद्धत बसली. तळघरात पाणी उकळतं, अगदी जेमतेम दाबाची वाफ आपसूक वर चढते, खोलीतल्या बिडाच्या तापकात पाणी होते आणि उतारावरून आपलं आपण खाली येतं. पंप नाही, काही नाही.

इथे कोळसा विकतचा होता. त्यामुळे पहिल्या दिवसापासून नळ्या गुंडाळल्या गेल्या. वाफेच्या नळीला आवरण नसेल तर वाफ तळघरातच पाणी होते आणि शेवटच्या खोलीपर्यंत पोचतच नाही. परतीच्या नळीचा हिशेब नाजूक आहे. पाणी २० अंशांपासून धरलं तर वाफेत ६२० किलोकॅलरी, त्यातल्या ५४० तापकात उतरल्या, उरल्या ८०. म्हणजे आठव्या हिश्शाच्या आसपास उष्णता परतीच्या नळीत. तळघर राहतं असेल तर ती उघडी नळी खोलीच तापवते, वाया जात नाही. तळघर थंडगार आणि निरुपयोगी असेल तर मात्र गुंडाळलेली बरी. शिवाय काही जुन्या दोन-नळी पद्धतींत परतीची नळी मुद्दाम उघडी सोडत, चुकून तिच्यात शिरलेली वाफ तिथेच पाणी व्हावी म्हणून. 'सगळं गुंडाळून टाका' हा सल्ला नेहमीच बरोबर नसतो.

आणि सगळ्यात मोठा विरोधाभास मॅनहॅटनमध्ये. १८८२ पासून तिथे रस्त्याखालून वाफ विकली जाते, जगातली सर्वांत मोठी अशी व्यवस्था. तिला परतीची नळीच नाही! इमारतीत वाफेचं पाणी झालं की ते निववून गटारात सोडतात. परतीच्या नळ्यांना आतून गंज फार, कारण त्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड आम्ल बनतो. शहरभर रस्त्याखाली दुसरं जाळं टाकून ते सांभाळण्यापेक्षा पाणी सोडून देणं स्वस्त. आपल्या काहिलीची वाफ आणि न्यूयॉर्कचं गटार यांचा हिशेब एकच आहे.

आता प्रश्न उरतो गुंडाळलं कशाने, याचा. मला वाटतं या सगळ्या इतिहासातला सगळ्यात महाग भाग हाच.

जेम्स वॉटने १७६९ च्या त्याच्या प्रसिद्ध पेटंटमध्येच लिहून ठेवलं होतं की सिलिंडर लाकडाच्या किंवा उष्णता हळू वाहून नेणाऱ्या दुसऱ्या कशाच्या तरी आवरणात ठेवावा. पुढे लाकडी पट्ट्या, फेल्ट, गवत, घोड्याचे केस, बूच असं काय काय वापरून झालं. यातलं बरंचसं जळतं, कुजतं. मग आलं ॲस्बेस्टॉस. दगडातून निघणारा धागा. जळत नाही, कुजत नाही, विणता येतो, लिंपता येतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मॅग्नेशियात ॲस्बेस्टॉस मिसळून नळीच्या आकाराची अर्धगोल आवरणं तयार मिळू लागली. दोन अर्ध्या बाजू नळीवर बसवायच्या, वर कापड ताणायचं, खळ लावायची. जहाजं, गिरण्या, इस्पितळं, शाळा, घरांची तळघरं, सगळीकडे ही पांढरी आवरणं गेली. आपल्याकडच्या गिरण्या-कारखान्यांतही ॲस्बेस्टॉसचा दोर आणि कापड हे स्टोअरमधलं नेहमीचं सामान होतं.

१९२४ साली इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात नेली केरशॉ नावाची ॲस्बेस्टॉस गिरणीतली कामगार बाई तेहतिसाव्या वर्षी वारली. डॉक्टर विल्यम कुक यांनी तिच्या फुफ्फुसात ते धागे पाहिले, आणि काही वर्षांत या रोगाला नावही मिळालं. १९३१ साली ब्रिटनमध्ये नियम झाले. पण नियम झाले ते मुख्यतः ॲस्बेस्टॉसचा माल तयार करणाऱ्या कारखान्यांसाठी. तोच माल करवतीने कापून नळीवर बसवणारा माणूस त्या नियमांच्या बाहेरच राहिला. तो एका कारखान्याचा नव्हता ना. आज या जहाजावर, उद्या त्या इस्पितळाच्या तळघरात.

त्याचा हिशेब लागायला १९६४ उजाडावं लागलं. न्यूयॉर्कच्या डॉ. अर्व्हिंग सेलिकॉफ यांनी कामगार संघटनेच्या नोंदवह्या उघडल्या. न्यूयॉर्क-न्यू जर्सी भागातले ६३२ नळ्या गुंडाळणारे कामगार, १९४३ च्या आधी धंद्यात आलेले. त्यांच्यात १९६२ पर्यंत फुफ्फुस आणि त्याच्या आवरणाच्या कॅन्सरने किती मृत्यू व्हायला हवे होते? सहा-सात. झाले होते ४५. इतकी वर्षं वाचवलेल्या कोळशाची टक्केवारी दशांश चिन्हापर्यंत मोजली गेली होती. ही संख्या कुणी मोजली नव्हती. ती मोजता आली तीही संघटनेने आपल्या सभासदांची नावं नीट लिहून ठेवली होती म्हणून.

१९७५ साली अमेरिकेत नळ्यांवर अशी आवरणं बसवायला बंदी आली. मग घरोघरी ती काढली गेली, आणि काढल्यावर बऱ्याच ठिकाणी काहीच न घालता नळ्या तशाच उघड्या ठेवल्या. वाफ अर्ध्या वाटेत पाणी होऊ लागली, नळ्या रात्री हातोडा मारल्यासारख्या वाजू लागल्या, लांबच्या खोल्या गार पडल्या, आणि लोक म्हणू लागले की ही जुनी पद्धतच वाईट. तिथल्या एखाद्या मराठी घराने या नळ्या गुंडाळायला घेतल्या तर फायबरग्लासची आवरणं मिळतात, काम सोपं आहे. पण नळीवर जुनं पांढरं, कापड चढवलेलं आवरण अजून असेल तर त्याला स्वतः हात लावू नये, तपासून घ्यावं.

आपल्याकडे २७ जानेवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात महत्त्वाचा निकाल दिला. कामगाराचं आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं म्हटलं, आणि उद्योगांनी प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यात जे नंतर येईल तोपर्यंत ठेवावी असा आदेश दिला. चाळीस वर्षं, कारण हा रोग तेवढा वेळ घेतो. पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर मात्र आपल्याकडे सरसकट बंदी नाही. सिमेंटच्या पत्र्यात ते अजून येतं.

साखर कारखान्यांत नळ्यांवरचं काम ऑफ-सीझनला निघतं. मार्च-एप्रिलमध्ये गाळप संपतं, बॉयलर थंड होतो, आणि पावसाळाभर दुरुस्ती चालते. लॅगिंगचं काम ठेकेदाराकडे असतं. त्याची पोरं येतात, पत्रे उचकटतात, जुनं भिजलेलं रॉकवूल किंवा ग्लासवूल ओढून काढतात, नवं गुंडाळून तारेने आवळतात. हे ॲस्बेस्टॉस नव्हे, तेवढं घातक नाही. पण कुसळं अंगभर खाजतात, डोळ्यांत जातात, आणि तोंडाला बऱ्याचदा रुमालच असतो. खूप जुन्या नळीवरचं पांढरं लिंपण निघालं तर ते नेमकं कशाचं हे पोरांना कोण सांगणार? दोन-तीन महिन्यांत काम उरकतं आणि टोळी दुसऱ्या कारखान्यावर जाते. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बॉयलर पेटतो, परतीचं पाणी पुन्हा फिरायला लागतं, आणि प्रयोगशाळेतला माणूस दर पाळीला वहीत त्याचं तापमान लिहू लागतो.